तलाठ्याची खाट

समजा, एका रात्रीपुरतं तुम्हाला भुताकडे मुक्कामाला जायचं आहे. भूत परकं नाही. तुमच्याच घराण्यातलं, तुमच्या पणज्याचाही आजा. आता सांगा, सोबत काय न्याल? मारुतीचा फोटो नेता येत नाही. घरच्या वडीलधाऱ्याला भेटायला जाताना हवालदार बरोबर नेल्यासारखं दिसतं. पेढे न्यावेत, तर द्यायचे कुणाच्या हातात? आणि ते खरंच समोर येऊन उभे राहिले, तर आधी पाया पडायचं की आधी पळायचं?

बजाजनगरच्या काकासाहेब देशमुखांनी या सगळ्याचा आठवडाभर विचार केला. शेवटी घडीची खाट, मच्छर अगरबत्ती, बॅटरी आणि पांढऱ्या खडूचा एक तुकडा एवढं सामान घेऊन ते पैठणच्या एसटीत चढले. कंडक्टरने खाटेकडे बोट दाखवून पेशंट कुठाय म्हणून विचारलं. गढीवाले देशमुख कंडक्टरच्या तोंडी लागत नाहीत.

काकासाहेबांची सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात गेली. खातं तपासणीचं. मशीनवरून भोकं पाडलेले तुकडे यायचे आणि काकासाहेब प्रत्येक भोकात गेज घालून बघायचे. गेजला दोन टोकं असतात. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं टोक जाताच कामा नये. दोन्ही गेली तर भोक मोठं, दोन्ही अडली तर भोक लहान, तुकडा भंगारात. नवीन पोरं कामाला लागली की काकासाहेब त्यांना पहिल्याच दिवशी एक वाक्य ऐकवायचे: "जे गेज येईल त्या तुकड्याला पास करतं, ते गेज नव्हे, लोखंडाचा दांडा आहे. फेकून द्यायचं." या बाबतीत ते मॅनेजरचंही ऐकत नसत. माल कितीही अडला, तरी खात्री नसलेल्या तुकड्यावर त्यांनी कधी सही केली नाही.

गढीच्या बाबतीत मात्र त्यांचं माप जरा सैल होतं. गढी खडकगव्हाणला, पैठण रस्त्यावरच्या फाट्यापासून आत. पांढऱ्या मातीचा उंच ढिगारा, दोन खचलेले बुरूज आणि कुलूप घालता येईल इतपत शाबूत राहिलेला एक दरवाजा. कॅन्टीनमध्ये ती दर दिवाळीला वाढायची. काकासाहेब रिटायर झाले तेव्हा तिला सात बुरूज होते आणि एक भुयार, दौलताबादला निघणारं. आमच्या भागातल्या प्रत्येक पडक्या भिंतीखालून एक भुयार निघतं आणि ते दौलताबादलाच जातं. ही सगळी भुयारं खरी असती, तर वरून एसटी चालवणं धोक्याचं झालं असतं. असो. बजाजनगरातल्या अडीच खोल्यांच्या घरावर पाटी होती, 'काकासाहेब देशमुख, गढीवाले'. त्या घरात पाटीइतकं ऐतिहासिक दुसरं काही नव्हतं.

पोलीस ॲक्शननंतर निजामाच्या राज्याबरोबर देशमुखीही गेली आणि गढीतली माणसं खाली उतरली. काही गावात राहिली, काही पैठणला, काही शहरात पांगली. उतरताना थोरल्या पातीने आणि धाकट्या पातीने, म्हणजे भावकीच्या दोन शाखांनी, रानं वाटली, भांडी वाटली, विहिरीचं पाणीसुद्धा दिवस ठरवून वाटलं. रझाकारांशी कोण लढलं, हेही वाटून झालं: थोरल्यांच्या मते थोरले लढले आणि धाकट्यांनी रझाकारांच्या म्होरक्याला पुरणपोळी वाढली, आणि धाकट्यांच्या मते बरोब्बर उलट. पुरणपोळीबद्दल मात्र दोन्हीकडे एकमत होतं.

फक्त एक वस्तू वाटता आली नाही, ती म्हणजे हैबतराव.

हैबतराव हे मूळ पुरुष. गढी त्यांनी बांधली आणि मेल्यावरही ती सोडली नाही. त्यांचा नियम साधा होता. गढीत रात्री आपल्या रक्ताचा माणूस झोपला, तर त्याच्या केसाला धक्का नाही. परका झोपला, तर सकाळपर्यंत तो आत राहत नाही. याला पुरावा होता. फार वर्षांपूर्वी गावात आलेला एक तलाठी पैजेवर गढीत झोपला आणि सकाळी खाटेसकट वेशीबाहेर सापडला, खाटेवर गाढ झोपलेलाच. त्याने त्याच दिवशी बदलीचा अर्ज दिला. तलाठ्याने झोपण्यापूर्वी काय घेतलं होतं, हा तपशील या गोष्टीत कुणी सांगत नाही. तेव्हापासून गढीत रात्री कुणी झोपत नाही, असं अख्खं गाव सांगायचं.

आता पोळ्याचं. खडकगव्हाणात पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि मानाचा बैल पहिला त्याखालून जातो. मग बाकीचे. मान थोरल्या पातीचा. काकासाहेबांच्या वडिलांनी तो शेवटपर्यंत सांभाळला. वडील गेल्यावर काकासाहेबांना पोळ्याची सुट्टी कधी मिळे, कधी नाही, आणि धाकट्या पातीतल्या बन्सीचा बैल हळूच पुढे सरकू लागला. बन्सीचं गावात खताचं दुकान, रोजचा राबता. त्याला कोण अडवणार? काकासाहेबांनी ठरवलं, रिटायर झालो की मान परत आणायचा. बैल नव्हता, पण बटईने, म्हणजे निम्म्या वाट्याने, रान करणाऱ्याकडे एक होता. तो दिवसभरासाठी मागून घेता आला असता.

त्याप्रमाणे ते गावात गेले आणि मारुतीच्या पारावर बसून त्यांनी विषय काढला. बन्सीने चहा मागवला, पाय दाबायचे तेवढे बाकी ठेवले आणि मग अगदी प्रेमाने म्हणाला, "दादा, मान थोरल्या पातीचा, ह्यात वादच नाय. पन तुमचा आजा दत्तक व्हता म्हनं. मी नाय म्हनत. गाव म्हनतं."

काकासाहेब म्हणाले की दत्तक असला तरी कायद्याने तो मुलगाच.

"रानाला कायदा चालतो, दादा. मानाला रगत लागतं."

काकासाहेब त्या दिवशी चहा तसाच ठेवून उठले. बजाजनगरला परत आले तर घराच्या दारात पाय अडला. पाटीवर नजर गेली. आजा दत्तक असेल, तर गढी आपली नाही, सात बुरूज आपले नाहीत, भुयार तर नाहीच. मग इतकी वर्षं कॅन्टीनमध्ये कुणाच्या घराण्याची गोष्ट सांगितली? वच्छलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, भाजीत मीठ कमी पडलंय का विचारलं, तर ते म्हणाले, "रक्ताचं काही सांगता येत नाही." वच्छलाबाईंनी त्यांना दुसऱ्या दिवशी तपासणीला उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात नेलं. साखर निघाली. आज्याबद्दल रिपोर्टात काही नव्हतं.

तोड काढली ती सांडूमामाने. सांडूमामा गावातला सगळ्यात म्हातारा आणि दोन्ही पातींना मान्य, कारण तो दोघांनाही सारख्याच शिव्या द्यायचा. तो म्हणाला, "तुमचा आजा कोन व्हता, हे आमाला कशापायी इचारता? हैबतरावाला इचारा. झोपा एक रात गढीत. खाट भायेर आली, तर दत्तक. आत ऱ्हायली, तर रगत."

बन्सीने अट घातली: एकट्याने झोपायचं आणि दाराला बाहेरून कुलूप. काकासाहेबांनी आपल्या बाजूने खडूची भर घातली. खाटेच्या चारही पायांभोवती खडूने रेघ मारायची, म्हणजे खाट बोटभर सरकली तरी सकाळी कळेल. परीक्षा घ्यायचीच, तर मोजमापाने घ्यायची. खात्यातली सवय.

तर पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, दिवस कलताना, काकासाहेब खाट घेऊन गढीवर चढले. मागून सांडूमामा, बन्सी आणि निम्मं गाव. दरवाजातून आत सगळं पांढरं पटांगण. पावसाळ्यात गावाभोवतीचं काळं रान चिखल होतं, मेंढरांचे खूर सडतात. म्हणून त्रिंबक आणि त्याची बायको आक्काबाई पावसाळाभर मेंढरं गढीत बसवायचे. त्रिंबकाचा बापही बसवायचा. मेंढरं आली होती, त्रिंबक त्यांच्याभोवती वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावत होता, आक्काबाई चुलीत काटक्या सारत होती. काकासाहेबांनी दुसऱ्या बाजूला, बुरुजाखाली खाट मांडली. खडू फिरवला. बन्सीने वाकून रेघा पाहिल्या. मग सांडूमामाने दारातूनच विचारलं, आत दुसरं कुणी नाही ना?

बन्सीने सगळीकडे नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "कुनी नाय. मेंढरं हायेत आन त्रिंबक."

कुलूप लागलं. गाव खाली उतरलं.

काकासाहेब खाटेवर बसले. आजवर त्यांना वाटत होतं की भीती भुताची वाटेल. पण अंधार पडू लागला तसं ध्यानात आलं, भीती निकालाची आहे. बारावीच्या निकालाला वाटली होती, तशीच. त्यांनी उभं राहून हात जोडले आणि बुरुजाकडे तोंड करून आपली ओळख करून दिली: मी काकासाहेब, वडील अमुक, आजोबा तमुक. आज्याचं नाव त्यांनी जरा घाईत उरकलं. मग त्यांनी कारखान्याचं नाव, हुद्दा आणि रिटायर झाल्याची तारीखही सांगितली. बुरुजावरून एक घुबड उडालं. काकासाहेब खाटेवर न बसता खाटेखाली गेले.

तिथे ते किती वेळ होते, कुणास ठाऊक. कुणीतरी खोकलं, आणि मग अंधारातून आवाज आला.

"मालक, खाली इच्चू असत्यात. वर झोपा."

त्रिंबक होता. काकासाहेब अंगावरची माती झटकत बाहेर आले आणि म्हणाले, खडूची रेघ बघत होतो. त्रिंबकानेही ती बघितली, चांगली आहे म्हणाला. आक्काबाईने बाजरीची भाकरी, ठेचा आणि दूध आणून दिलं. साखर आहे, पथ्य आहे, असं काहीतरी पुटपुटत काकासाहेबांनी दुसरी भाकरी मागून घेतली. मग इकडचं तिकडचं बोलणं झालं. मेंढरांचं, पावसाचं, जायकवाडीच्या पाण्याचं. उठायची वेळ झाली तेव्हा काकासाहेब बाजूला बघत म्हणाले, "त्रिंबक, घोंगडी हिकडंच टाकतोस का? तुला तिकडं वारं लागंल."

त्रिंबकाला जन्मात वारं लागलं नव्हतं. पण त्याने घोंगडी खाटेशेजारी आणून टाकली, पलीकडे आक्काबाईने आपली वाकळ अंथरली, आणि मच्छर अगरबत्तीच्या वासात काकासाहेब असे झोपले की त्यांच्या घोरण्याने मेंढरं दोनदा बुजली.

सकाळी कुलूप उघडलं. बन्सी आधी खाटेपाशी धावला. चारही पाय रेघांच्या आत होते. त्याचा चेहरा बघून सांडूमामाने तंबाखू मळायला घेतली. कुणीतरी हैबतराव महाराज की जय म्हटलं. काकासाहेबांच्या गळ्यात हार पडला. तो बन्सीनेच आणला होता, बहुधा दुसऱ्या कशासाठी तरी. रीतीप्रमाणे सांडूमामाने विचारलं, रात्रभर एकटेच होतात ना?

"एकटाच," काकासाहेब म्हणाले. छातीवर हात ठेवून म्हणाले. आणि यात ते खोटं बोलले असं अजिबात नव्हतं. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं.

एवढ्यात दरवाजात गर्दी झाली, कारण मेंढरं बाहेर पडायची वेळ झाली होती. माणसं बाजूला सरली. आधी मेंढरं गेली, मग काठी घेतलेला त्रिंबक, मग डोक्यावर पाटी घेतलेली आक्काबाई. सांडूमामा त्यांच्याकडे बघत राहिला. तंबाखू तळहातावर तशीच राहिली. मग त्याने त्रिंबकाला हाक मारून विचारलं, किती वर्षं झोपतोस रे इथं?

त्रिंबक म्हणाला की किती म्हणजे, जन्मच इथला; आईला कळा आल्या तेव्हा पाऊस होता आणि मेंढरं गढीतच होती.

हैबतरावाने कधी उठवलं का?

"नाय बा. आमाला कशाला उठवील?"

एवढं बोलून तो मेंढरांमागे उतरला. पण बन्सी हुशार. त्याने लगेच धागा पकडला आणि हात वर करून म्हणाला की मग ही परीक्षाच फोल आहे. त्रिंबक वर्षानुवर्षं झोपतो, त्याची घोंगडी कधी बाहेर आली नाही, म्हणजे या झोपण्यात काही दम नाही.

सांडूमामाने तंबाखू दाढेखाली सारली. "दम नाय म्हनशील, तर तलाठ्याची खाट कुनी टाकली रं भायेर? आन दम हाय म्हनशील, तर त्रिंबक तुमचा कोन लागतो?"

मागे कुठेतरी एक बाई हसली आणि तिने तोंडावर पदर घेतला. हैबतरावांबद्दल गावात आणखीही बऱ्याच गोष्टी सांगत, पण त्या पारावर नाही, विहिरीवर.

मग जे झालं ते दोन पिढ्यांत झालं नव्हतं. थोरली पाती आणि धाकटी पाती एक झाली. बन्सीने काकासाहेबांना दंडाला धरून बाजूला नेलं, आणि चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात सगळं ठरलं. काकासाहेबांचं रक्त सिद्ध झालं. मान एक वर्ष थोरल्यांकडे, एक वर्ष धाकट्यांकडे. या वर्षी थोरल्यांचा. दत्तकाचा विषय यापुढे कुणी काढायचा नाही. मेंढरांशेजारी झोपणं हे झोपण्यात धरायचं नाही. आणि गढी हे पवित्र ठिकाण असल्यामुळे तिथे मेंढरं बसवायला बंदी. हे शेवटचं बन्सी बोलला. काकासाहेब हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. भाकरीबरोबरच्या ठेच्याने जीभ अजून चुरचुरत होती, तेच कारण असेल.

बंदीचा निरोप कोतवालाने त्रिंबकाला दिला. त्रिंबकाने मान हलवली आणि संध्याकाळी मेंढरं रस्त्याकडेच्या चिखलात बसवली. आठवड्याभरात ती परत गढीत दिसू लागली. बन्सी संतापला. पण मेंढरं बसतात रात्री, आणि रात्री गढीत जाऊन त्यांना हुसकणार कोण? दोन्ही पातींत रक्त सिद्ध झालेला माणूस एकच होता आणि तो तोवर बजाजनगरला गेला होता.

त्याआधी पोळा झाला. बटईवाल्याच्या बैलाच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं; कासरा काकासाहेबांच्या हातात. बैल तोरणाखालून पहिला गेला. ढोल वाजले. ज्या क्षणाची काकासाहेब इतकी वर्षं वाट बघत होते, तो क्षण आला, आणि त्यांना नेमकं त्याच वेळी आपलं खातं आठवलं. समोर टेबलावर तुकडा. हातात गेज. गेज काकासाहेबांना पास करतं. त्रिंबकालाही पास करतं. मग एक तर हे गेज नव्हे, लोखंडाचा दांडा आहे. आणि नाही तर... वेशीच्या कडेला, लोकांच्या मागे, त्रिंबक उभा होता. तो बैलाकडे बघत होता. काकासाहेब त्याच्याकडे बघत होते. बैल एकटाच पुढे गेला.

घरी आल्यावर वच्छलाबाईंनी ओवाळलं. दोन दिवस त्यांनी नवऱ्याचं येरझाऱ्या घालणं सहन केलं. तिसऱ्या दिवशी काकासाहेबांनी तोड सुचवली: गेज तपासायचं, तर नक्की नापास व्हायला हवा असा तुकडा घालून बघावं लागतं. म्हणजे नक्की परक्या रक्ताचं माणूस. तर वच्छला, तू एक रात्र...

"तुमच्या घरात मी लग्नापासून झोपतेय," वच्छलाबाई म्हणाल्या, "मला तर कुणी अजून बाहेर ठेवलं नाही. एवढी तपासणी पुरे की."

राहिला तो तलाठी. नापास झालेला एवढा एकच तुकडा. सगळा प्रश्न त्याच्या खाटेवर येऊन थांबत होता. ती खाट हैबतरावांनी उचलली असेल, तर गेज बरोबर आहे, काकासाहेब अस्सल आहेत, आणि त्रिंबकही तितकाच अस्सल आहे. मग पोळ्याचा मान वाटायचा तो तीन पातींत. आणि हैबतरावांनी उचलली नसेल, तर हैबतरावच नाहीत, परीक्षाच नाही, आणि आजा जिथे होता तिथेच राहतो, बन्सीच्या तोंडात. तलाठी केव्हाच वारला होता. त्या रात्री गढीत आणखी कोण होतं, हे काकासाहेबांना आता विचारावं लागत नव्हतं. मोजायला ते शिकले होते.

पुढच्या पावसाळ्यात ते एकटेच खडकगव्हाणला गेले. खाट नेली नाही. आक्काबाईसाठी चहाची पुडी नेली. त्रिंबक रानात होता. बसल्या बसल्या, दुसरंच काही बोलत असल्यासारखं, त्यांनी विचारलं की तलाठ्याच्या वेळी तू नवी नवरी असशील, सासरा होता, त्रिंबक होता. त्या रात्री काय झालं?

आक्काबाई चुलीवरचं आधण बघत होती. ती म्हणाली, "मालक, तुमाला त्येचं कंचं उत्तर पायजे, त्ये आदी सांगा. मी तसं सांगते."

काकासाहेबांनी दोन्ही उत्तरं तोलून पाहिली. फाट्यावरची शेवटची एसटी निघून जाईपर्यंत तोलत राहिले. त्या रात्री त्यांना तिथेच झोपावं लागलं, या वेळी घोंगडीवर, आणि कुणी त्यांना उठवलं नाही. बजाजनगरच्या दारावर पाटी अजून आहे. कॅन्टीनमधले जुने सोबती भेटले आणि गढीचं काय म्हणताय विचारू लागले, तर काकासाहेब बुरुजांचं, भुयाराचं काहीच बोलत नाहीत. समोरच्याला बाजूला घेतात, एवढंच, आणि विचारतात: तुम्ही आपले तांत्रिक माणूस आहात, नीट विचार करून सांगा, तलाठ्याची ती खाट त्या रात्री नेमकी कुणी उचलली असेल?